पालावरच्या मुली चौथीनंतर कुठे जातात? (नागपूर आणि आसपास)

ओंजळ

“यांच्या आईबापांनाच शिकवायचं नसतं.” नागपुरात पालात, म्हणजे तात्पुरत्या तंबूत राहणाऱ्या भटक्यांच्या मुलींच्या शाळेचा विषय काढला की पहिलं वाक्य हेच येतं. शिक्षक म्हणतात, वॉर्डातले कार्यकर्ते म्हणतात, आमच्या घरचेही म्हणतात. मला ते पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर लिहिते, आणि तुमच्याकडचे अनुभवही हवे आहेत.

आम्ही काही जणी आउटर रिंगरोडच्या कडेच्या वस्त्यांवर संध्याकाळी अभ्यासवर्ग घेतो. गोपाळ, नाथजोगी, बेलदार, ओतारी अशी घरं आहेत, उन्हाळ्यात गाडी लोहारही येऊन राहतात. काही कुटुंबं खरोखर फिरती आहेत. दिवाळीनंतर निघतात आणि मिरगाच्या तोंडावर परततात. काही मात्र वर्षानुवर्षं तिथेच आहेत, फक्त सरकारी कागदावर कुठेच नाहीत. घर क्रमांक नाही, कराची पावती नाही, विजेचं बिल नाही.

पहिली-दुसरीत मुली आणि मुलगे जवळपास बरोबरीनं दिसतात. चौथी झाली की मुली गळायला लागतात. सातवीच्या वर्गात आमच्या वस्तीतली मुलगी शोधावी लागते. मधल्या काळात घरात काय होतं ते आम्ही रोज बघतो. आई पहाटेच घरोघरचे गळलेले केस गोळा करायला नाहीतर भंगार वेचायला निघते. धाकटं लेकरू आठ-नऊ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर येतं. अंगणवाडी जवळच असते, पण वस्ती त्यांच्या यादीत नाही म्हणून धाकट्याला घेत नाहीत. मग मुलगी त्याला घेऊनच शाळेत जाते. एखाद्या बाई चालवून घेतात, बऱ्याच ठिकाणी “याला घरी ठेवून ये” म्हणतात. घरी कुणीच नसतं, म्हणून तीही परत येते. हजेरीपटावर ती गैरहजर. असे दिवस साठले की शेरा पडतो ‘सतत गैरहजर’, आणि वर्षाअखेर कुणीतरी म्हणतं, पालक उदासीन आहेत.

पाण्याचंही तसंच. टँकर कधी येईल याचा नेम नाही. तो आला की घरात जो असेल त्यानं गुंड-डबे भरायचे. घरात असते ती मुलगी.

या आयांना शाळा नको आहे असं मला एकदाही दिसलेलं नाही. मुलीच्या पाटीवरचं नाव त्या आमच्याकडून दोनदा वाचून घेतात. अडचण इतकीच की शाळेत नाव घालायला पत्ता लागतो आणि घर चालायला ही मुलगी लागते, आणि या दोन्हींची सोय लावायची जबाबदारी कुणीच स्वतःची मानत नाही.

तुमच्या भागात काय चित्र आहे? आणि कुठे काही उपाय खरोखर चालला असेल तर तो आवर्जून सांगा.

गुरुजी_नरखेड

ताई, मी शाळेच्या आतली बाजू सांगतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, आणि बालरक्षक म्हणून शाळाबाह्य मुलांचं काम बघतो.

आमच्या पदांचं गणित पटावर असतं. किती मुलांमागे किती शिक्षक, हे ठरवणं म्हणजे संचमान्यता. आणि अलीकडे पट म्हणजे आधार पडताळणी झालेली मुलं. ज्या लेकराचं आधार ऑनलाइन नोंदीत वैध ठरत नाही, ते वर्गात रोज बसत असलं तरी शिक्षकाच्या पदासाठी धरलं जात नाही. आता विचार करा, डिसेंबरात पालावरची एक मुलगी येते. जन्मदाखला नाही, आधार नाही, टीसी नाही, आणि होळीनंतर निघून जाणार. तिला घेतलं तर ऑनलाइन नोंदीचा घोळ, नंतर गळती दाखवायची जबाबदारी, आणि पदाच्या हिशेबात शून्य. मुख्याध्यापक दुष्ट नसतो. पण तिला दारात उभं ठेवून “कागद घेऊन या” म्हणणं हा त्याला सगळ्यात सोपा रस्ता असतो. आणि आपण सगळे सोपा रस्ता घेतो.

स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे. गाव सोडताना शाळेनं ते द्यायचं, जिथं मुक्काम पडेल तिथल्या शाळेनं ते बघून मुलाला वर्गात बसवायचं, टीसीसाठी अडवायचं नाही. ऊसतोड आणि वीटभट्टीच्या मुलांसाठी याचा उपयोग होतो, कारण तिथे जायचं ठिकाण आणि यायची वेळ ठरलेली असते. पाल असं हलत नाही. पोलिसांनी उठवलं, शेतमालकानं नाही म्हटलं, एखादी सोयरीक किंवा मयत झाली, की रातोरात निघतं. कार्ड द्यायला मुलगी शाळेत यायला तर पाहिजे.

चाललेला उपाय विचारलात म्हणून सांगतो. आम्ही कुटुंबप्रमुखाऐवजी टोळीतल्या दोन बायांचे मोबाइल नंबर घेतो. माणसांचे नंबर बदलत राहतात, बायांचे तितके बदलत नाहीत. पाल हललं की त्या सांगतात, आणि आम्ही पुढच्या तालुक्यातल्या बालरक्षक शिक्षकाला त्याच दिवशी कळवतो. पोरीच्या दप्तरात एक साधी वही ठेवतो: वाचन कुठवर आलं, गणित कुठवर आलं, ज्यानं शिकवलं त्याची सही. कुठल्याही शासन निर्णयात ही वही नाही. पण पुढचा शिक्षक तिला पुन्हा ‘अ आ इ’ पासून सुरू करत नाही, एवढं नक्की.

बजाजनगरकर

माझं मत काहींना कडू लागेल, पण मनापासून लिहितो. व्हरायटी चौकात आणि शंकरनगरच्या सिग्नलवर रोज मुली दिसतात, कडेवर लहान पोर, हात पुढे. पोषण आहार, पुस्तकं, गणवेश सगळं फुकट असताना हे का? सवलती वाढवून काय होणार? पालकांवर कारवाई झाल्याशिवाय हे थांबणार नाही असं मला वाटतं. शिक्षण हा मुलाचा हक्क असेल तर तो हिरावणाऱ्या बापाला जाब का विचारू नये?

पालातली_लेक

मी वाचून राहिली होती, लिहाचं नव्हतं. पण जाब विचाराचं निघालं म्हणून लिहिते. मी नाथजोगी. बाप बहुरूप्याचं सोंग घेऊन फिरे, आई गळलेले केस घेऊन त्याच्या बदल्यात भांडे दे. मी आश्रमशाळेत शिकली, आज नोकरी करते. माही सख्खी मोठी बहीण तिसरीतून सुटली. आईबाप तेच, पाल तेच.

दादा, तुम्ही विचारता फुकट असून काऊन येत नाहीत. एका सकाळचं सांगते. पालात न्हाणी नसते. बायांले, मोठ्या पोरींले अंधारातच आंघोळ उरकावी लागते, दोन साड्यांचा आडोसा करून. उशीर झाला की मग दिवसभर नाही. मग तशीच शाळेत जा. बाई म्हणते मागं बस. बाजूची पोट्टी नाक दाबते. मधल्या सुटीत डब्बा नाही म्हणून कोणी काही म्हणत नव्हतं, आहार सगळ्यांलेच होता. पण पंगतीत आमच्या बाजूची जागा रिकामीच राहे. वर्गात कोणाचा पेन हरपला की पहिलं दप्तर आमचं झाडत. हे एक दिवस झालं तर लेकरू विसरते. रोज झालं की ते सकाळी पोट दुखते म्हणते.

बहिणीची शाळा तिसरीत सुटली कारण मी झाली होती. मले कोण सांभाळन? मी शिकली ती तिच्या कडेवर मोठी होऊन. हे मी कधीच विसरत नाही.

मग पोरगी शहाणी झाली की वेगळीच गोष्ट. पालाले दार नसते, कडी नसते. आईबाप फेरीवर गेले की ती एकटी. रस्त्यानं जाणारा कोणीही थांबते, दारू पिलेला आत डोकावते. पोलिसात सांगाले जावं तर आमच्यावरच संशय. २०१२ साली आपल्या नागपुरात, कळमन्याकडं, सोंग घेऊन फिरणाऱ्या आमच्याच समाजाच्या माणसांले चोर समजून जमावानं जीव जाईपर्यंत मारलं. २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यात राईनपाड्याले पाच जण गेले, नाथपंथी डवरी गोसावी, मुलं पळवणारे समजून. अशा बातम्या पालात पोहोचतात. त्या रात्री कोणीच झोपत नाही. आणि मग आई ठरवते की पोरीचं लगन करून टाकू, एका घरची जबाबदारी कमी. तुम्ही त्याले बालविवाह म्हणता, तो गुन्हाच आहे, मी पण तेच सांगत फिरते. पण त्या आईले तेव्हा दुसरं दार दिसत नसते.

बापाले जाब विचारा, नाही कोण म्हणते. पण तो रोज कोणाकोणाले जाब देऊन राहिला हे पण पाहा.

बजाजनगरकर

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. कळमन्याची घटना वाचली होती, पण तिचा आणि मुलींच्या शाळेचा संबंध मी कधी जोडला नव्हता. कारवाईबद्दलचं माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही, विशेषतः जिथे लहान मुलींना भीक मागायला लावणारे लोक कुटुंबाबाहेरचे असतात तिथे. पण आधी शाळेचं दार उघडं असलं पाहिजे, हे मान्य.

काळा_कोट

दार कायद्यानं केव्हाच उघडं आहे. ते कुणी ढकलून बघत नाही, म्हणून थोडी कलमं सांगतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू १ एप्रिल २०१० पासून. कलम १४ म्हणतं की वयाचा दाखला नाही म्हणून कुठल्याही मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. अंगणवाडीची नोंद, दवाखान्याची किंवा नर्सताईची नोंद, यातलं काहीच नसेल तर पालकांचं लेखी निवेदन चालतं. कलम १५ प्रमाणे वर्षाच्या मध्ये आलेल्या मुलालाही प्रवेश द्यायचा आहे. कलम ५ प्रमाणे दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क आहे, टीसीला उशीर झाला हे प्रवेश नाकारण्याचं कारण होऊ शकत नाही, आणि टीसी द्यायला उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. कलम ४ प्रमाणे दहा वर्षांची मुलगी पहिल्यांदा शाळेत आली तर तिला पहिलीत नाही, वयानुसार पाचवीत बसवायचं आणि मागं राहिलेलं वेगळं शिकवायचं. चौदा वर्षं उलटली तरी आठवीपर्यंतचं तिचं शिक्षण मोफतच राहतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं कलम ९: स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांचा प्रवेश होईल हे बघणं हे स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. म्हणजे शहरात महापालिकेचं, गावात जिल्हा परिषदेचं. मुलीच्या बापाचं नव्हे.

आधारबद्दलही सांगतो. सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट म्हटलं की शाळेच्या प्रवेशासाठी आधार सक्तीचं नाही आणि त्याअभावी मुलाचा लाभ रोखता येणार नाही. गुरुजींनी सांगितलेली संचमान्यतेची अडचण खरी आहे, पण ती प्रशासनाची अडचण आहे. तिचा भार मुलीवर टाकता येत नाही.

खरी गाठ जातीच्या दाखल्याची आहे. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा मागतात, म्हणजे त्या तारखेला घराणं महाराष्ट्रात होतं याचा. ज्यांचे आजोबा त्या वर्षी गाढवावर बिऱ्हाड लादून फिरत होते त्यांच्याकडे त्या सालची शाळेची नोंद किंवा सातबारा कुठून असणार? कागद नसतील तर घरी जाऊन चौकशी करण्याची मुभा अधिकाऱ्याला आहे, पण ती अर्जात लिहून मागावी लागते. दाखला नाही म्हणजे शिष्यवृत्ती नाही, वसतिगृहात राखीव जागा नाही.

त्यातही यादीची गुंतागुंत आहे. राज्यात भटके-विमुक्तांचं आरक्षण अ, ब, क, ड असं विभागलेलं आहे, ३, २.५, ३.५ आणि २ टक्के. पण फासेपारधी अनुसूचित जमातीत, मांग-गारुडी अनुसूचित जातीत. एकाच मैदानावर शेजारी पालं असतात आणि तीन घरांची कामं तीन वेगळ्या खात्यांकडे. भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या केंद्राच्या रेणके आयोगाचा अहवाल २००८ मध्ये आला, त्यात देशभरात या समाजांची लोकसंख्या १० कोटींच्या वर अंदाजली होती. नंतर इदाते आयोग झाला. शिफारशींची कमतरता अजिबात नाही.

अंगणवाडी_उमरेड

वकीलसाहेब, जन्माच्या नोंदीचं पण सांगा ना. आमच्याकडे जास्त त्रास तिथेच होतो. पालावरची बाई आठव्या-नवव्या महिन्यापर्यंत फिरत असते. बाळंतपण कुठं रस्त्यात, कुठं दवाखान्यात. दवाखान्यात झालं तरी नाव ठेवायच्या आधीच मुक्काम हलतो आणि दाखला आणायला परत कोणी जात नाही.

आणि ओंजळताईंनी लिहिलेल्या धाकट्या लेकराबद्दल. यादीत वस्ती नाही हे कारण चुकीचं आहे. स्थलांतरित लेकरांना आणि गरोदर बायांना जिथं असतील तिथं आहार द्यायचा असतो. मी घेते. पण मीही खरं सांगते, माझ्याकडे आधीच खोली लहान, मदतनिसाची जागा रिकामी, आणि मोबाइलमध्ये माहिती भरण्यात अर्धा दिवस जातो. तरी धाकटं माझ्याकडे बसलं तर मोठी शाळेत जाते हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. शाळा आणि अंगणवाडी एकाच आवारात असली तर फार फरक पडतो. मधल्या सुटीत ती येऊन भावाला बघून जाते, तिचा जीव शांत होतो. आमच्या वेळा मात्र शाळेच्या आधी संपतात. त्यानंतरचे दोन तास कोणाचेच नाहीत.

काळा_कोट

ताई, हे लवकर करायला हवं, कारण नियम घट्ट झाला आहे. २०२३ मध्ये जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा बदलला. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पुढच्या बऱ्याच कामांना जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा धरला जाणार आहे. ही मुलं पहिलीत येतील २०२९ च्या सुमारास. आज ज्यांची नोंद राहते आहे त्यांची खरी अडचण तेव्हा होईल. एका वर्षाच्या आत नोंद करणं तुलनेनं सोपं आहे. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. कलम १४ तेव्हाही असेल, पण दारातला कारकून कुठला नियम वाचून दाखवेल हे आपल्याला माहीत आहे.

पशुवैद्य_काटोल

एक वेगळा गट इथे आलाच नाही म्हणून लिहितो. काटोल, कळमेश्वर, पुढे वर्ध्याच्या बाजूला मेंढ्यांचे आणि उंटांचे तांडे दिसतात ना, ते कच्छी रबारी. मूळ कच्छचे, पण यातली कित्येक घरं पिढ्यान्‌पिढ्या विदर्भातच फिरताहेत. हिवाळ्यात शेतात मेंढ्या बसवतात, शेतकऱ्याला खत मिळतं, यांना धान्य किंवा पैसे. मी कामानिमित्त त्यांच्या डेऱ्यांवर जातो.

तिथे मुलीचं काम सहा-सात वर्षांपासून सुरू होतं. कळप चरायला गेला की कोकरं डेऱ्यावर राहतात. त्यांना सांभाळणं, पाजणं, आजारी कोकरू वेगळं काढणं, हे सगळं मुलींकडे. कामात इतक्या तरबेज असतात की कोकराच्या हगवणीची लक्षणं मला त्याच आधी सांगतात. पण लिहिता-वाचता एकीलाही येत नाही. मुलग्यांपैकी एखाद्याला कच्छला नातेवाइकांकडे ठेवून शिकवतात. मुलीला इतक्या लांब ठेवायला कुणी तयार नसतं. इथल्या शाळेत घालावं तर मुक्काम कधी पाच दिवसांचा, कधी पंधरा दिवसांचा, आणि शाळेची भाषा मराठी, घरची वेगळी.

मला वाटतं अशा ठिकाणी मुलीला शाळेत आणण्याचा हट्ट पुरणार नाही. शिक्षकालाच डेऱ्यासोबत जावं लागेल, निदान वर्षातले काही महिने. त्यांचे मार्ग ढोबळमानानं ठरलेले असतात, दरवर्षी पावसावर आणि कापूस कधी निघतो त्यावर थोडे बदलतात. पशुसंवर्धन खात्याच्या लसीकरणाला आम्ही त्यांच्या मागे डेऱ्यापर्यंत जातो. मेंढीसाठी जाता येतं तर मुलीसाठी का नाही?

गुरुजी_नरखेड

डॉक्टरसाहेब, शेवटचं वाक्य पुढच्या केंद्र संमेलनात, म्हणजे आमच्या शिक्षकांच्या बैठकीत, मी वाचून दाखवणार आहे, तुमची परवानगी धरून चालतो.

अंतराबद्दल थोडं. नियमानुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. पालं असतात माळावर, नाल्याकाठी, रेल्वेलायनीच्या कडेला. तिथून पहिल्या शाळेपर्यंत कशीबशी पोहोचतात. पण ती बहुतेक चौथीपर्यंतच असते, म्हणून पाचवीला दुसरी शाळा, मध्ये हायवे किंवा एमआयडीसीचा रस्ता, आणि ट्रकची वाहतूक. ओंजळताई म्हणतात तसं चौथीनंतर मुली गळतात, त्यामागे हे मोठं कारण आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचं परिपत्रक निघालं. तसं झालं तर गावातल्या मुलींना गाडी मिळेल कदाचित, पालावरच्या मुलीचा थांबा कोण ठरवणार?

एसटीचा मोफत पास ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळतो. पण त्यालाही शाळेत नाव असावं लागतं.

निंबोणी

नोकरीनिमित्त नागपुरात नवीन आहे, म्हणून विचारते. मग निवासी शाळा हा सरळ उपाय नाही का? पालातली_लेक ताईही आश्रमशाळेतच शिकल्या ना?

पालातली_लेक

हो, मी शिकली. आणि आश्रमशाळा नसती तर आज हे लिहिलं नसतं. भांडे घासाले न लावता कोणी वेळेवर जेवाले देते हेच मले पहिल्या वर्षी नवल वाटे. पण सगळ्यांसाठी तोच उपाय म्हणू नका. तिथं स्त्री अधीक्षक आहे का, रात्री संडासाकडं दिवा आहे का, पोरगी आजारी पडली तर आईले फोन जाते का, हे आई विचारते. विचारलं तर म्हणतात, यांले विश्वास नाही. काऊन ठेवावा? कुठल्यातरी वसतिगृहात मुलीसोबत काहीतरी वाईट झालं अशी बातमी दरवर्षी येते. आई वाचत नाही पण ऐकते.

माह्या आईनं मले ठेवलं कारण तिथली एक बाई स्वतः पालावर आली होती. खाली सतरंजीवर बसली, चहा प्याली. आईनं त्याच कपातला चहा तिले पिताना पाहिलं. बस, एवढ्यावर मी गेली.

आणि एक लिहाचं राहिलं. पंचांचा धाक. आमच्यात लहानपणीच सोयरीक ठरते. पोरगी आठवीत गेली की व्याही निरोप धाडते, जास्त शिकवाल तर आमच्या पोराले नाही म्हणन. बापानं ऐकलं नाही तर जातीबाहेर टाकतात आणि दंड लावतात.

काळा_कोट

त्यावर कायदा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१६ चा, २०१७ पासून लागू. जातपंचायतीनं दंड लावणं, वाळीत टाकणं, हा गुन्हा आहे. मुलीचं लग्न ठरलं असेल आणि ती अठराच्या आतली असेल तर गावात ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, आणि १०९८ ला कुणीही फोन करू शकतं. अर्थात तक्रार करणारं कुटुंब उद्या त्याच टोळीत राहणार असतं, म्हणून नुसतं कलम सांगून भागत नाही हेही जाणतो. पंचांशी आधी बोलणारी, समाजातलीच शिकलेली माणसं असतील तर बरंच काम पोलिसांशिवाय होतं.

ओंजळ

@निंबोणी, निवासी शाळेची दोन उदाहरणं सांगते. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळ्याला फासेपारधी मुलांसाठी मतीन भोसले यांनी ‘प्रश्नचिन्ह’ ही शाळा उभी केली. ते स्वतः त्याच समाजातले. समृद्धी महामार्गात शाळेच्या जागेचा काही भाग गेला, तरी ती टिकली. दुसरं तुळजापूर तालुक्यातलं यमगरवाडी, गिरीश प्रभुणे यांच्या कामातून उभं राहिलेलं. दोन्हीकडे मुलं टिकली, कारण तिथे त्यांच्या जातीचं नाव शिवीसारखं घेतलं जात नाही. नागपूर शहरात मात्र मुलींना रोज घरी परत येता येईल अशीच सोय जास्त उपयोगी पडेल असं मला वाटतं. इथे शाळा आहेत. महापालिकेच्या मराठी शाळा तर पटाअभावी बंद पडत चालल्या आहेत, आणि त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर शाळाबाह्य मुली आहेत. या दोन गोष्टी एकाच शहरात असाव्यात याचा मला फार राग येतो.

पैशाचंही बोलू. पहिली ते चौथीच्या दारिद्र्यरेषेखालच्या भटक्या-विमुक्त मुलींना उपस्थिती भत्ता आहे, दिवसाला एक रुपया. ही योजना १९९२ ची. पाचवी ते सातवीला सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती बरीच वर्षं महिना ६० रुपये होती, आठवी ते दहावीला १००. आज सिग्नलवर फुगे विकणारी मुलगी अर्ध्या तासात यापेक्षा जास्त आणते. शिष्यवृत्तीसाठी बँकखातं लागतं, खात्यासाठी आधार, आधारसाठी पत्ता. ज्या काळात एका रुपयाला किंमत होती तेव्हाच्या योजना तशाच ठेवून ‘सगळं फुकट आहे’ म्हणणं मला जड जातं.

आता कामाचं. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात आणि बरीचशी पालं तोवर मुक्कामाला परत आलेली असतात. प्रवेशासाठी हाच काळ सगळ्यात चांगला. आम्ही ठरवलं आहे की पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलीसोबत आई आणि आमच्यापैकी एक जण शाळेत जाईल. सोबत पालकांचं वयाबद्दलचं निवेदन, लिहून तयार. धाकट्यांसाठी त्याच दिवशी अंगणवाडीत लेखी अर्ज. पाचवी-सहावीच्या मुलींना गटानं नेणं-आणणं, त्यासाठी वस्तीतल्याच दोन बायांना महिन्याचं मानधन. हे पैसे वर्गणीतून उभे करतोय. रस्ता ओलांडून देणारं माणूस असलं तर आया मुलींना पाठवायला तयार आहेत, हे त्यांनी स्वतः सांगितलं आहे.

बजाजनगरकर

मानधनाच्या वर्गणीत माझं नाव घ्या. शिवाय सकाळची नेण्याची पाळी माझ्या पत्नीला आणि मला आठवड्यातून दोनदा जमेल. आम्ही दोघं निवृत्त आहोत.

पालातली_लेक

काका, या. पण पहिले दोन-तीन दिवस वस्तीतल्या बायांसोबत चाला, एकटे पोरींले नेऊ नका. आयांची ओळख होऊ द्या. शनिवारी मी असते, मी सोबत येईन.

काळा_कोट

निवेदनाचा आणि घरचौकशी मागणाऱ्या अर्जाचा मसुदा दोन दिवसांत इथेच टाकतो. कुणीही उतरवून घ्या.

गुरुजी_नरखेड

ओंजळताई, एक काळजी घ्या. शाळेत तोंडी विचारू नका, अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्या, तारखेसह. नाकारत असतील तर कारण त्याच अर्जावर लिहून मागा. माझा अनुभव असा की लिहून द्यायची वेळ आली की बहुतेक जण मुलीला वर्गात बसवतात. आणि पहिल्याच दिवशी हजेरीपटावर नाव चढलं का ते स्वतः बघून या. नुसतं ‘बसू द्या वर्गात’ झालं तर ती पुस्तक, गणवेश, भत्ता, पास सगळ्यांतून राहते, आणि मार्चमध्ये तिची कुठेच नोंद नसते.